आपण बाद झालो, हे आपणच सांगायचं

एअरसॉफ्ट या खेळातल्या बंदुकीतून सुटणारी गोळी सहा मिलिमीटर व्यासाची, प्लास्टिकची आणि जेमतेम पाव ग्रॅम वजनाची असते. अंगावर बसली की चटका बसतो, कपड्यावर ‘टक्’ असा बारीक आवाज होतो आणि गोळी खाली पाचोळ्यात पडून दिसेनाशी होते. पेंटबॉलमध्ये गोळी फुटते, अंगावर रंगाचा ओघळ राहतो, तो सगळ्यांना दिसतो आणि वाद मिटतो. इथे कसलीच खूण उरत नाही. टोकियोजवळच्या चिबा प्रांतातल्या झाडीत अशी खेळाची मैदानं आहेत. तिथे प्लायवूडच्या आडोशामागे गुडघ्यावर बसलेल्या माणसाच्या दंडाला गोळी लागली की नाही, हे बहुतेक वेळा एकट्या त्यालाच ठाऊक असतं. त्याने हात उंच करायचा, ‘हिट!’ म्हणून मोठ्याने ओरडायचं आणि उठून मैदानाबाहेर चालू पडायचं. मार्शल असतात, पण ते सुरक्षिततेसाठी. प्रत्येक झाडामागे एक मार्शल उभा करता येत नाही.

हा खेळ जपानमध्ये जन्मला. तिथे सामान्य नागरिकाला खरी बंदूक बाळगणं जवळपास अशक्य, म्हणून खेळणी बनवणाऱ्यांनी हुबेहूब दिसणाऱ्या, पण इजा न करणाऱ्या बंदुका बनवल्या. १९९१ साली टोकियो मारुई कंपनीने बॅटरीवर चालणारी बंदूक आणली आणि खेळ झपाट्याने पसरला. पुढे काही जण बंदुकीची ताकद वाढवू लागले, तेव्हा २००६ साली कायदा बदलून गोळीच्या ऊर्जेवर मर्यादा घातली गेली. सहा मिलिमीटरच्या गोळीसाठी ती साधारण ०.९८ ज्यूल येते. ब्रिटननेही पुढे आपल्या मर्यादा ठरवल्या. गोळीची ताकद अशी कायद्याने बांधता आली. खेळणाऱ्याचा शब्द मात्र कुठल्याच कायद्याने बांधता आलेला नाही, आणि मला जे म्हणायचं आहे ते याच ठिकाणी आहे.

गोळी लागूनही न लागल्यासारखा खेळत राहणारा माणूस प्रत्येक मैदानावर कधी ना कधी दिसतो. खेळाडू त्याला ‘झॉम्बी’ म्हणतात. निर्लज्जपणे खोटं बोलणारे त्यात थोडेच असतात. बहुतेक जण संशयाच्या जागी घसरतात. अंगात जाड जॅकेट, त्यावर पाऊच लावलेली बंडी, पाठीवर पिशवी. ‘टक्’ ऐकू आलं, पण चटका जाणवला नाही. फांदीवर आपटून आली असेल का? नुसतं पान हललं असेल का? हा विचार चालू असताना बोट मात्र ट्रिगरवरच असतं आणि मन स्वतःच्या बाजूने पुरावे गोळा करत असतं. चांगला खेळाडू या क्षणी ओळखू येतो. शंका आली की तो निकाल स्वतःविरुद्ध देतो, हात वर करतो आणि निघतो. त्यात त्याचं नुकसान काय? एक डाव. दहा-पंधरा मिनिटांत पुढचा डाव सुरूच होणार असतो.

याला दुसरी बाजू आहे, आणि ती सहसा बोलली जात नाही. गोळी मारणाराही तितकाच प्रामाणिक असावा लागतो. या बंदुकांत ‘हॉप-अप’ नावाची रबराची सोय असते. ती गोळीला मागच्या बाजूने फिरकी देते, त्यामुळे एवढीशी हलकी गोळी बरीच लांब जाते. पण पल्ल्याच्या शेवटी तिचा जोर संपतो. ती वाऱ्याने वळते, गवताच्या पात्याला लागूनही दिशा बदलते. चाळीस मीटरवरून बघणाऱ्याला वाटतं, नेमकी छातीवर बसली. खरं तर ती खांद्याच्या बाजूने निघून गेलेली असते. अशा वेळी ‘अरे, लागली तुला! निघ बाहेर!’ असं ओरडणारा माणूस खेळाचं जे नुकसान करतो, ते झॉम्बीपेक्षा कमी नसतं. ज्याला खरंच लागलेलं नसतं तो दुखावतो. पुढच्या डावात मनात म्हणतो, खरं वागूनही खोटारडाच ठरणार असेन, तर खरं वागायचं कशाला? ‘तो मानत नाही, मग मी तरी का मानू?’ हे एकदा सुरू झालं की दुपारपर्यंत अख्खं मैदान नासतं. म्हणून जाणते खेळाडू एक शिस्त पाळतात. ‘हिट’ हा शब्द फक्त स्वतःबद्दल उच्चारायचा. दुसऱ्याबद्दल तक्रार असेल तर खेळ थांबल्यावर मार्शलच्या कानावर घालायची, तीही शांतपणे. स्वतःच्या शरीराबद्दल कठोर आणि स्वतःच्या डोळ्यांबद्दल साशंक राहणं हे अवघड आहे. नेमबाजी काही महिन्यांत जमते, याला त्याहून जास्त वेळ लागतो.

बाकीचे गुण यातूनच फुटतात. सकाळी यंत्रावर गोळीचा वेग मोजून घेतल्यावर बंदुकीत गुपचूप फेरफार न करणं. समोरचा अगदी पाच पावलांवर पाठमोरा सापडला तर गोळ्यांचा वर्षाव न करता नुसतं हाक मारून त्याला शरण यायची संधी देणं. भाड्याची बंदूक घेऊन पहिल्यांदाच आलेल्या घाबऱ्याघुबऱ्या माणसाला आपल्या संघात कच्च्या लिंबासारखं सांभाळून घेणं. आणि काही झालं तरी मैदानात डोळ्यांवरचा चष्मा न काढणं. या शेवटच्या बाबतीत कुणाचीही गय करू नये. काच धुकटली, घाम आला, गोळीबार थांबलेला दिसला, यातलं कुठलंही कारण चालत नाही. डोळा एकदा गेला की गेला.

आपल्याकडे एअरसॉफ्ट फारसा आलेला नाही. शहरांजवळच्या रिसॉर्टमध्ये पेंटबॉल आणि लेझर टॅग आले आहेत, पण तिथे निकाल रंग देतो किंवा यंत्र देतं. मग मराठी वाचकाने या परक्या खेळाची दखल का घ्यावी? कारण जी सवय या खेळाचा पाया आहे, तीच आपण आपल्या मुलांच्या हातून काढून घेत चाललो आहोत.

गल्लीतल्या क्रिकेटला पंच नसायचा. भांडणं व्हायची, कुणी रडीचा डाव खेळायचा, बॅटचा मालक बॅट घेऊन घरी जायचा. पण बॅटीला लागून गेला की नाही, हे शेवटी मुलांना आपसातच ठरवावं लागायचं, आणि ‘हो, लागला’ म्हणणाऱ्या मुलाला पुढच्या वादात वजन असायचं. आज आठ वर्षांचं मूल अकादमीत जातं. तिथे पहिल्या दिवसापासून पांढरा कोट घातलेला माणूस उभा असतो आणि मुलाला शिकवलं जातं, की त्याने बोट वर केलं नाही तोवर जागा सोडायची नाही. बॅटीची कड लागल्याचं ज्याच्या हाताला सर्वांत आधी कळलं, त्याचंच मत कुणी विचारत नाही. याहून वाईट प्रकार कागदावर घडतो. वयोगटाच्या स्पर्धेसाठी ज्याची जन्मतारीख बदलली जाते, तो मुलगा हा बदल स्वतः करत नाही. वडील करतात, कधी प्रशिक्षक मदत करतो. क्रिकेट नियामक मंडळाला मुलांच्या मनगटाच्या हाडांचा एक्स-रे काढून वय तपासावं लागतं, ही आपल्या सगळ्यांना लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे.

एक आक्षेप मला मान्य आहे. जिथे पंच नेमलेला आहे, पोटापाण्याचा प्रश्न आहे, तिथे निर्णयाची वाट पाहत उभं राहणाऱ्या फलंदाजाला मी खोटारडा म्हणणार नाही. नियम त्याला तेवढी मुभा देतो. पण मुभा म्हणजे सक्ती नव्हे, हे आपल्याच माणसाने आपल्याच मैदानावर दाखवून दिलं आहे. फेब्रुवारी १९८० मध्ये वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध सुवर्णमहोत्सवी कसोटी चालू होती. इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत गेल्यावर बोथम आणि बॉब टेलर यांची जोडी जमत होती. टेलरला यष्टीमागे झेलबाद ठरवलं गेलं. स्लिपमध्ये उभ्या असलेल्या कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांना चेंडू बॅटीला लागलेला नाही असं वाटलं. त्यांनी पंचांशी बोलून टेलरला परत बोलावलं. त्या दोघांनी १७१ धावांची भागीदारी केली आणि भारत दहा गड्यांनी हरला. विश्वनाथ यांना त्या सामन्याचा निकाल बदलता आला असता. त्यांनी फक्त गप्प राहायचं होतं.

आणि पंचाशिवाय मोठ्या स्पर्धा होऊच शकत नाहीत, असंही कुणी म्हणू नये. अल्टिमेट फ्रिस्बी या खेळात जागतिक स्पर्धांमध्येसुद्धा फाऊल झाला की नाही, हे खेळाडूच आपसात बोलून ठरवतात. एअरसॉफ्ट तर दर रविवारी अनोळखी माणसांच्या भरवशावर चालतो. माणसं सगळीकडे सारखीच असतात. तिथे त्यांच्याकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा केली जाते, म्हणून बहुतेक जण ती पुरी करतात.

म्हणून शाळांना, अकादम्यांना आणि मंडळांच्या क्रीडा समित्यांना माझी एक विनंती आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या सरावाच्या सामन्यांत झेल, कड, स्पर्श, रेषेबाहेर पडलेला पाय, हे निर्णय मुलांवर सोपवा. पंच उभा राहू दे, पण तो धावा आणि वेळ मोजेल. धावफलकाच्या वहीत एक रकाना वाढवा: स्वतःहून बाद. प्रशिक्षकांनी महिन्याला तो वाचून दाखवावा. पालकांनी संध्याकाळी ‘किती केल्यास?’ याच्या जोडीला ‘आज कुणी स्वतःहून सांगितलं का?’ हेही विचारावं. सुरुवातीला मुलं फसवतील, ओरडतील, एकमेकांवर आरोप करतील. होऊ द्या. एखाद्या दिवशी शेवटच्या षटकात, जिंकायला दोन धावा हव्या असताना, एखादा मुलगा ‘लागला माझ्या बॅटीला’ म्हणून चालू लागेल आणि त्याचाच संघ त्याच्यावर तुटून पडेल. त्या क्षणी प्रशिक्षकाने खेळ थांबवावा आणि बोलावं. त्या मुलाशी बोलायची गरज नाही. बोलायचं ते चिडलेल्या संघाशी, आणि कुंपणापलीकडे उभे असतील तर त्यांच्या पालकांशीही.