भूमीवाचून जनपद

१८९६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने पॅसिफिक महासागरातील फुनाफुती या कंकणाकृती प्रवाळद्वीपावर एक मोहीम पाठविली. तिचे प्रयोजन एकच होते : बेटाला भोक पाडून त्याच्या तळाशी काय आहे ते पाहावयाचे. अशी बेटे म्हणजे सावकाश खचत जाणाऱ्या ज्वालामुखी पर्वतांच्या माथ्यावर प्रवाळांनी रचीत नेलेली बांधकामे होत, पर्वत जितका खाली जातो तितके प्रवाळ वर चढते, असे चार्ल्स डार्विनने प्रतिपादिले होते. १८९८ पर्यंत एकामागून एक तीन मोहिमा झाल्या. भोक अकराशे फुटांहून खोल गेले. तरीही पर्वताचा खडक काही लागला नाही, प्रवाळजन्य चुनखडीच निघत राहिली. डार्विनच्या मताला निर्णायक पुरावा मिळाला तो पुढे १९५२ साली, एनेवेताक या दुसऱ्या प्रवाळद्वीपावर. आणि त्याच वर्षी तेथे अमेरिकेने पहिला हायड्रोजन बॉम्ब उडविला. ज्ञान आणि संहार यांचे असे शेजार या महासागराने अनेकदा पाहिले आहे.

फुनाफुती ही आज तुवालू या राष्ट्राची राजधानी आहे. पायाखाली काय आहे, हा प्रश्न तेथे पुन्हा उभा राहिला आहे. फरक इतकाच की, आता तो भूगर्भशास्त्राचा राहिलेला नाही. पायाखालची भूमीच उद्या नसेल तर राष्ट्र म्हणून जे काही आहे ते कशावर उभे राहील, असा त्याचा आजचा अर्थ आहे.

तुवालू म्हणजे नऊ बेटे आणि सारी मिळून सुमारे २६ चौरस किलोमीटर जमीन. तिची उंची बहुतेक ठिकाणी समुद्रसपाटीपासून दोन मीटरच्या आसपास. सर्वांत उंच जागाही पाच मीटरला पोहोचत नाही. नदी नाही, ओढा नाही. पिण्याचे पाणी म्हणजे छपरावरून हौदात उतरविलेला पाऊस. २०११ साली पावसाने पाठ फिरविली तेव्हा सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली होती. २०१७ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेदहा हजारांच्या थोडी वर भरली आणि तिच्यातील निम्म्याहून अधिक माणसे एकट्या फुनाफुतीवर राहत होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने येथे धावपट्टी बांधली. तिच्या भरावासाठी बेटाचेच अंग खोदून काढले गेले आणि ते खड्डे बुजविण्यास २०१५ साल उजाडले. विमान यावयाचे असले म्हणजे भोंगा वाजतो. एरवी त्या पट्टीवर मुले चेंडू खेळतात आणि उकाड्याच्या रात्री माणसे चटया टाकून निजतात. मोकळी जागा म्हणून तेवढीच आहे.

या भूमीशी माणसाचे नाते कसे आहे, हे पुलाकाच्या खड्ड्यांवरून कळते. पुलाका म्हणजे अळूच्याच कुळातील, पण कितीतरी थोराड असा कंद. प्रवाळाच्या जमिनीत मातीच नसल्यामुळे तो पेरता येत नाही. त्याच्यासाठी माती करावी लागते. खाऱ्या पाण्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा जो पातळ थर बेटाच्या पोटात असतो, तेथपर्यंत खड्डा खणावयाचा आणि त्यात वर्षानुवर्षे पालापाचोळा कुजवीत राहावयाचे. हे खड्डे पिढ्यांपिढ्यांचे आहेत. भूमिपुत्र हा शब्द सर्वत्र सैल वापरला जातो. येथे मात्र भूमी हीच पुत्रांची निर्मिती आहे, असे म्हणावेसे वाटते. तुवालूच्या भाषेत ‘फेनुआ’ म्हणजे बेट, आणि फेनुआ म्हणजेच त्या बेटावरचा समाज. याच शब्दाचे न्यूझीलंडमधील माओरी भाषेतील भावंड ‘व्हेनुआ’. त्याचा अर्थ भूमी असाही होतो आणि वार असाही. जेथे नाळ पुरली ते गाव आपले, असे मानणाऱ्या मराठी मनाला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

आणि तरीही या लोकांचा इतिहास केवळ एका जागी रुजून राहण्याचा इतिहास नाही. १८६३ मध्ये पेरूकडून आलेल्या गुलामांच्या व्यापाऱ्यांनी फुनाफुती आणि नुकुलाएलाए या दोन बेटांवरून सुमारे चारशे माणसे फसवून नेली. ती परतली नाहीत. पुढे नाउरू आणि बानाबा येथील फॉस्फेटच्या खाणींवर तुवालूचे मजूर गेले. परक्या देशांच्या मालवाहू जहाजांवर तुवालूचे खलाशी आजही जातात आणि त्यांना शिकविणारी संस्था फुनाफुतीच्याच एका लहानशा बेटावर आहे. १९४६ साली वैतुपू बेटाच्या लोकांनी, लोकसंख्या वाढली तर पुढे कसे होईल या विचाराने, फिजीमधील किओआ हे बेट चक्क विकत घेतले. युद्धकाळात अमेरिकन सैन्याच्या कामावर मिळविलेल्या मजुरीचा पैसा त्यात होता. पुढच्या वर्षी काही कुटुंबे तेथे जाऊन राहिली. त्यांना फिजीचे नागरिकत्व मिळाले ते २००५ मध्ये! विकत घेतलेल्या जमिनीवर सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षे परके म्हणून राहणे काय असते, याचा अनुभव या समाजाला पूर्वीच आलेला आहे.

राष्ट्र म्हणून तुवालूचा जन्म झाला तोही जमिनीच्या हिशेबावर नव्हे. १८९२ पासून ही बेटे ब्रिटिशांच्या ताब्यात होती आणि उत्तरेकडील गिल्बर्ट बेटांबरोबर एकाच वसाहतीत कोंबलेली होती. गिल्बर्टचे लोक मायक्रोनेशियन, हे पॉलिनेशियन; भाषा वेगळी, रीत वेगळी. १९७४ साली सार्वमत झाले आणि नव्वद टक्क्यांहून अधिक मते वेगळे होण्याच्या बाजूने पडली. ब्रिटिशांनी अट घातली होती : वेगळे व्हाल तर बानाबाच्या फॉस्फेटच्या उत्पन्नातील वाटा मिळणार नाही. वाटणीत अखेर एक जहाज हाती आले. इतका तोटा डोळ्यांसमोर असतानाही त्यांनी स्वतःची निवड केली. १ ऑक्टोबर १९७८ रोजी देश स्वतंत्र झाला. ‘तुवालू’ म्हणजे एकत्र उभे असलेले आठ. नववे नियुलाकिता पूर्वी कायम वस्तीचे नव्हते. ब्रिटनचा राजा नामधारी प्रमुख, लहानशी संसद, आणि राजकीय पक्ष एकही नाही. बेटाबेटांवर मात्र ‘फालेकाउपुले’ ही वडीलधाऱ्यांची सभा असते, आणि १९९७ च्या कायद्याने तिला स्थानिक कारभारात अधिकृत स्थान मिळाले.

अर्थव्यवहाराकडे पाहिले तर तोही जमिनीवर थोडाच उभा आहे. सात लाख चौरस किलोमीटरांहून मोठ्या सागरी क्षेत्रात ट्यूना मासा पकडण्यासाठी परकी जहाजे शुल्क देतात, हे उत्पन्न मोठे. १९८७ साली मित्रदेशांच्या मदतीने स्थापिलेला विश्वस्त निधी, ही दुसरी आधाराची काठी. आणि तिसरे उत्पन्न निव्वळ योगायोगाचे : संगणकजालावर या देशाच्या वाट्याला ‘टीव्ही’ ही दोन अक्षरे आली आणि जगातील दूरचित्रवाणीच्या धंद्याला ती हवीशी वाटली. त्या अक्षरांच्या भाड्याचा पैसा हाती आल्यामुळेच २००० साली संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व परवडले.

यावरून एखादा चतुर माणूस म्हणेल, मग जमीन गेली तरी बिघडले काय? प्रश्न निर्दय आहे, परंतु मूर्खपणाचा नाही. १९३३ च्या माँतेविदेओ करारात राज्याची चार लक्षणे सांगितली आहेत : कायम लोकसंख्या, निश्चित भूप्रदेश, शासन आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. भूप्रदेश तेथे स्वतंत्र लक्षण आहे. कौटिल्याच्या सप्तांगात तसे नाही. स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र या सात अंगांमध्ये भूमी आणि माणसे ‘जनपद’ या एकाच शब्दात नांदतात. आणि माणसांवाचून जनपद नाही, जनपदावाचून राज्य नाही, असे कौटिल्य स्पष्टच सांगतो. माणसांवाचून भूमी व्यर्थ, हे त्याने पाहिले. भूमीवाचून माणसे उरतील, ही कल्पना मात्र त्याच्यापुढे येण्याचे कारण नव्हते. फेनुआ आणि जनपद हे शब्द एकमेकांपासून इतक्या दूर जन्मले, आणि दोन्ही एकाच ठिकाणी अपुरे पडतात.

तुवालूने या प्रश्नाचे उत्तर स्वतः दिले आहे. २०२३ साली त्याने आपल्या राज्यघटनेत असे लिहिले की, हवामानबदलामुळे भौतिक भूप्रदेशाचा लोप झाला तरी तुवालूचे राज्य सदैव राहील, आणि त्याच्या सागरी सीमाही आहेत तशाच राहतील. यात भावनेइतकाच व्यवहार आहे. कारण समुद्रावरचा हक्क किनाऱ्यावरून मोजला जातो आणि किनारा गेला तर मासाही जातो. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०२५ मधील आपल्या सल्लागार मतात, एकदा अस्तित्वात आलेल्या राज्याचे एखादे घटकलक्षण नाहीसे झाल्याने त्याचे राज्यत्व संपलेच पाहिजे असे नाही, असे म्हटले. समुद्र चढला म्हणून जाहीर केलेल्या सागरी सीमा बदलण्याचे बंधनही त्याने मानले नाही. कायद्याच्या बाजूने हा मोठाच दिलासा होय.

नैतिक प्रश्न मात्र येथून पुढे सुरू होतो. राष्ट्र म्हणजे लोक, जमीन नव्हे, हे विधान खरे आहे काय, यापेक्षा ते कोणाच्या तोंडी आहे, हे अधिक महत्त्वाचे. पैसा ही माया आहे, असे सावकार म्हणाला तर ते वैराग्य. ऋणको म्हणाला तर ती बुडवेगिरी. तुवालूचा माणूस जेव्हा म्हणतो की भूमी गेली तरी आम्ही राहू, तेव्हा तो आपल्या दुःखातून काहीतरी वाचवीत असतो. तेच वाक्य ज्यांच्या कारखान्यांच्या धुराने समुद्र तापला त्यांच्या मुखातून आले, तर ते ऋणातून सुटण्याची पळवाट होते. सत्य तेच राहते. त्याचा आश्रय घेण्याचा अधिकार सर्वांना सारखा नसतो.

हीच कसोटी दुसऱ्या एका सत्यालाही लावावी लागते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तुवालूच्या १०१ लहानमोठ्या बेटांचे १९७१ ते २०१४ या काळातील क्षेत्रफळ तपासले असता ते एकूण सुमारे तीन टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. लाटा वाळू नेतात तशा आणूनही टाकतात. हा निष्कर्ष प्रामाणिक आहे आणि तो लपविण्याचे कारण नाही; बेटे म्हणजे निमूट बुडणारी ढेकळे नव्हेत, हे डार्विनलाही ठाऊक होते. परंतु तो हाती घेऊन ‘पाहा, काही बिघडलेले नाही’ असे म्हणणे म्हणजे क्षेत्रफळालाच घर समजणे होय. वाळूची पुळण वाढली म्हणून पुलाकाच्या खड्ड्यात शिरलेले खारे पाणी गोडे होत नाही.

जे राहू इच्छितात त्यांनाही भाबडे ठरविण्याची घाई होते. तुवालूतील जुन्या पिढीतील कित्येकांची श्रद्धा अशी की, पुन्हा जलप्रलय आणणार नाही असे वचन देवाने नोहाला दिले आहे आणि इंद्रधनुष्य ही त्याची खूण आहे. ही श्रद्धा अज्ञानाची म्हणून हसण्यावारी नेता येते. परंतु तिच्यात एक नैतिक सूक्ष्मता आहे, ती हसणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही : हा प्रलय देवाने आणलेला नाही, तर मग वचनभंग कोणी केला?

नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि तुवालू यांच्यात ‘फालेपिली’ करार झाला आणि ऑगस्ट २०२४ पासून तो अमलात आला. फालेपिली म्हणजे शेजारधर्म. शेजाऱ्याचे घर आपलेच मानून केलेली काळजी. करारान्वये दरवर्षी तुवालूचे २८० नागरिक ऑस्ट्रेलियात कायम वास्तव्यास जाऊ शकतात. ऑस्ट्रेलिया संकटकाळी मदतीस येईल आणि समुद्र चढला तरी तुवालूचे राज्यत्व मानील. त्याच्या बदल्यात संरक्षणविषयक कोणताही व्यवहार इतर देशांशी करावयाचा तर तुवालूने ऑस्ट्रेलियाची सहमती घ्यावयाची आहे. शेजारधर्माला असा बदला असतो काय, असा आक्षेप तुवालूतच घेतला गेला. ऑस्ट्रेलिया हा कोळसा आणि नैसर्गिक वायू यांच्या मोठ्या निर्यातदारांपैकी एक आहे, हेही येथे विसरता येत नाही. मदत करणारा आणि अपाय करणारा हात एकच असला म्हणजे मदत खोटी ठरते असे नव्हे. पण तिला औदार्य म्हणता येत नाही. परतफेडीचा तो पहिला हप्ता आहे.

२०२५ मध्ये पहिल्या सोडतीसाठी कुटुंबीयांसह आठ हजारांहून अधिक नावे नोंदविली गेली, म्हणजे जवळजवळ सारा देश. वृत्तपत्रांनी याचा अर्थ देश सोडून पळण्याची घाई असा लावला. तो अर्थ उतावळेपणाचा वाटतो. ज्यांच्या आजोबांनी फॉस्फेट खणले, वडिलांनी जहाजांवर नोकऱ्या केल्या, त्यांच्या दृष्टीने सोडतीत नाव घालणे म्हणजे दार उघडे ठेवणे. या करारान्वये गेलेल्याला परत येण्याची, पुन्हा जाण्याची मोकळीक आहे, आणि ती मोकळीकच निर्णायक आहे; कारण परतण्यास जागा असते तोवरच जाण्याला स्थलांतर म्हणतात. जागा गेली की तोच प्रवास हद्दपारी होतो, जरी जाणारा आपल्या पायांनी गेलेला असला तरी.

फुनाफुतीच्या सरोवराच्या तळातून उपसलेल्या वाळूने राजधानीच्या किनाऱ्याला लागून अलीकडे ७८० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद असा नवा भूभाग घालण्यात आला आहे. चढत्या समुद्राचा हिशेब करून त्याची उंची ठरविली आहे. १८९८ सालच्या मोहिमेने याच सरोवराच्या तळाशीही भोक पाडले होते. तुवालूत जमीन कुटुंबांची असते आणि कोणता माड कोणाचा हे वडीलधाऱ्यांना तोंडपाठ असते. या नव्या पट्टीवर अजून कोणाच्या पूर्वजाचा माड नाही.