वाटा कोणाच्या नावे?

पाणी, जमीन, जंगल, वीज यांचा एकत्र विचार करा, असं आज सगळे विद्वान सांगतात. खरंय त्यांचं. डोंगर उघडा पडला की धरण गाळानं भरतं. धरण भरलं की वीजही गेली आन् पीकही. माझा सवाल त्याच्या पुढचा आहे. सगळं जुळवल्यावर वाटा कोणाच्या नावे लिहायचा?

हा एकत्र विचार आपल्याला परका नाही. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे नि वीज त्याच खात्यात. दामोदर नदीचा पूर अडवणं, शेत भिजवणं, वीज, जलवाहतूक हे सारं एकाच योजनेत बसवा, हा त्यांचा आग्रह. १९४८ साली दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला. पुढं मैथन, पंचेतची धरणं झाली. वीज कारखान्यांना पोचली. गावं बुडाली त्यांत संथाळांची होती. योजना एक झाली, माणसं दोन राहिली.

आमच्या आयनं जन्मभर गायरानातलं शेण वेचून गोवऱ्या थापल्या. शेण जाळू नका, शेतात घाला, असं सांगायला शहाणे यायचे. शेत कुठं होतं आमचं?

मुद्दा इथंच आहे. पाटाचं पाणी जमिनीमागं जातं. जमीन नाही त्याला नुसती तहान. १९२७ साली महाडला आपण प्यायच्या पाण्याचा हक्क बजावला. पिकवायच्या पाण्याचा हक्क अजून बाकी आहे.

हे अशक्य नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला फार तर अडीच एकराचं. ऊस बंद. जमीन विकली तरी पाणी विकता येत नाही. आणि भूमिहीनालाही वाटा.

कुणी म्हणेल, जमीन नाही तो पाणी घेऊन काय करणार? अरे, तो दुसऱ्याची जमीन वाट्यानं कसेल. पण मग बांधावर हात जोडून नाही, आपलं पाणी घेऊन उभा राहील. दोन्हींत माणूसपणाचं अंतर आहे.

निसर्ग जपून वापरा, हे सांगायचा अधिकार वाटा दिल्यावर येतो. ज्याच्या हाती काहीच नाही त्यानं जपायचं काय? आधी वाटा, मग काटकसर.