घरची सकाळची उपासना आणि मुलांचें आमेन



गेल्या उन्हाळ्यांत आमच्या भागांतील एका उपदेशकांनीं उपासना संपल्यावर मला लिंबाच्या सांवलींत एकीकडे नेऊन एक प्रश्न विचारला. त्यांस चार मुलें. थोरला मुलगा १६ वर्षांचा, त्याच्या पाठची मुलगी ११ वर्षांची, तिसरा मुलगा ७ वर्षांचा, आणि शेंडेफळ मुलगी ४ वर्षांची. सन २०२० च्या मार्च महिन्यांत सांथीमुळें शाळा बंद झाल्या आणि खेड्यापाड्यांतील मुलें घरीं बसलीं, हें आपणां सर्वांस आठवत असेलच. शहरांतल्या मुलांस मोबाइलवर तरी धडे मिळत. आमच्याकडे कित्येक घरीं मोबाइल एकच, आणि तोही बापाबरोबर शेतावर. तेव्हां ह्या उपदेशकांनीं व त्यांच्या पत्नीनें ठरविलें कीं, रोज सकाळीं धारा काढून झाल्या म्हणजे सर्वांनीं ओट्यावर एकत्र बसावें. एक गीत, शास्त्राचा एक भाग, लहानशी प्रार्थना, आणि मग तेथेंच पाटी-पुस्तक. पुढें शाळा उघडल्या, पाटी-पुस्तक शाळेंत गेलें, परंतु सकाळची बैठक राहिली.

आतां अडचण थोरल्याची आहे. तो वेळेवर येतो, मांडी घालून बसतो, धाकटीला सांभाळतो. परंतु गेल्या वर्षापासून गीत म्हणत नाहीं, आणि प्रार्थनेच्या अंतीं सर्व आमेन म्हणतात तेव्हां तो ओठ मिटून राहतो. बापानें एकदां रागें भरून कारण विचारलें. मुलगा म्हणाला, “बाबा, मला अजून मनापासून तसें वाटत नाहीं. वाटत नसतां म्हणूं का?” इतकें सांगून उपदेशक मला म्हणाले, “पाळकसाहेब, मीं आतां काय करावें? म्हण म्हणून सांगावें, तर खोटें बोलावयास शिकविल्यासारखें होतें. न म्हटलें तरी चालेल म्हणावें, तर देवाच्या घरचा कारभारी म्हणून मी कमी पडतों.”

मीं त्यांस लागलेंच उत्तर दिलें नाहीं. प्रश्न दिसावयास लहान, पण आपल्यासारख्या घराण्यांस तो फार खोल लागतो. ह्या उपदेशकांचे आजोबा आपल्या वडिलांच्या इच्छेविरुद्ध ख्रिस्ताकडे आले. त्यांचें पान वेगळें वाढलें गेलें, पाणवठा बंद झाला, शेवटीं घर सुटलें. ही गोष्ट त्या घरांत आजही अभिमानानें सांगतात, आणि आपल्यांतील पुष्कळांच्या घरीं अशीच एखादी गोष्ट आहे. ज्यानें आपल्या सदसद्विवेकबुद्धीसाठीं बापाचें घर सोडलें, त्याच्याच नातवानें आपल्या मुलाच्या सदसद्विवेकबुद्धीपुढें काठी धरावी काय? जो मोकळेपणा आपण आपल्या वाडवडिलांपाशीं मागितला, तो आपल्या लेकरांस नाकारावयाचा अधिकार आपणांस कोणीं दिला?

ह्यावर कांहीं शिकलेले लोक सोपें उत्तर देतात. ते म्हणतात, मुलांस धर्माचें कांहींच शिकवूं नये. मोठीं झालीं म्हणजे तीं आपलें आपण पाहून घेतील. मला हें पटत नाहीं. सकाळचा तो पाव तास आपण रिकामा ठेविला म्हणून रिकामा राहत नाहीं. मोबाइल आहे, चौकांतली बोलणीं आहेत, निवडणुकीचा भोंगा आहे, तीं सर्व त्यांत येऊन बसतात, आणि त्यांतलें कोणी मुलाची परवानगी विचारीत नाहीं. शिवाय ज्यानें प्रार्थना कधीं ऐकलीच नाहीं, तो मोठेपणीं ती निवडील कशी अथवा टाकील तरी कशी? तथापि एवढ्या युक्तिवादावर थांबलें तर त्यांतून कोणतीही सक्ति रास्त ठरवितां येईल, म्हणून पुढें विचार केला पाहिजे.

मला ह्या बाबतींत इंग्लंडांतील एका आईची वारंवार आठवण होते. सेमिनरींत असतांना मीं तिचीं पत्रें प्रथम वाचलीं, तेव्हां मला केवळ तिची शिस्त दिसली. आतां स्वतः चाळिशी ओलांडलेला बाप होऊन वाचतों, तेव्हां आणखीही कांहीं दिसतें. ही बाई म्हणजे सुझाना वेस्ली (१६६९–१७४२). मेथडिस्ट चळवळीचे जॉन व चार्ल्स वेस्ली हे तिचे पुत्र. एपवर्थ ह्या खेडेगांवीं तिचा पति पाळक होता; घरीं कर्जाचा बोजा; १९ लेकरें झालीं, त्यांतील ९ तान्हेपणींच गेलीं. उरलेल्यांस तिनें घरींच शिकविलें, सकाळीं ९ ते १२ व दुपारीं २ ते ५.

सन १७०९ च्या फेब्रुवारींत त्यांचें घर रात्रीं जळालें. पांच वर्षांच्या जॉनला लोकांनीं खिडकींतून बाहेर काढिलें. नवें घर उभें राहीपर्यंत मुलें निरनिराळ्या कुटुंबांत वांटलीं गेलीं, आणि परत आलीं तेव्हां आईस दिसलें कीं, तीं जुनी रीत विसरलीं आहेत, वाह्यात गाणीं शिकलीं आहेत, प्रभूच्या दिवसाची त्यांस पर्वा राहिली नाहीं. (सन २०२० नंतर ज्यांनीं आपलीं मुलें पुन्हां शाळेंत बसविलीं, त्या आईबापांस हें वेगळें सांगावयास नको.) तेव्हां तिनें नवा क्रम लाविला. शिकवणीच्या आरंभीं व अंतीं सर्वांनीं मिळून स्तोत्र गावें. सायंकाळीं पांच वाजतां सर्वांत मोठ्यानें, ज्याला बोलतां येऊं लागलें आहे अशा सर्वांत लहानास घेऊन बसावें. दुसऱ्यानें त्याच्या वरच्यास. आणि अशा जोड्या करून त्या दिवसाचीं स्तोत्रें व नव्या करारांतील एक अध्याय वाचून दाखवावा. सकाळीं स्तोत्रें व जुन्या करारांतील अध्याय.

पाहा, आपण म्हणतों, “एक चार वर्षांचें, एक सोळा वर्षांचें, ह्यांस एका ठिकाणीं काय शिकवावें?” त्या बाईनें वयांतल्या त्या अंतरालाच कामास लाविलें. मोठा वाचतो तेव्हां त्याला लहानाकरितां समजून वाचावें लागतें, आणि लहानास आईबापांच्या आवाजापेक्षां भावाचा आवाज जवळचा वाटतो. तिचा आणखी एक नियम आमच्या मंडळ्यांतील बापांनीं ऐकावा: मुलीस चांगलें वाचतां येईपर्यंत तिला कामास जुंपावयाचें नाहीं. तीनशे वर्षांपूर्वीं एका गरीब खेड्यांत जें होऊं शकलें तें आपल्या कित्येक घरीं आजही होत नाहीं, मुलीच्या हातीं हंडा आधीं येतो व पुस्तक मागाहून.

परंतु हीच सुझाना सन १७३२ च्या एका पत्रांत लिहिते कीं, मुलांचें मन घडवावयाचें तर प्रथम त्यांची इच्छा जिंकली पाहिजे. वर्षाचें मूल छडीस भ्यावें, आणि रडावयाचें तर हळू रडावें, हा तिचा धडा. तिनें न्यायही ठेविला होता; जो आपला अपराध कबूल करील त्यास मार नाहीं. तरी मला तिचा हा भाग घेववत नाहीं, आणि माझें कारण तिच्याच चरित्रांत आहे. तिचे वडील राज्यमान्य मंडळीपासून वेगळ्या झालेल्या पंथाचे नामांकित पाळक होते; त्या मतासाठीं त्यांनीं आपली जागा गमाविली होती. त्यांच्या ह्या मुलीनें तेरावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच स्वतः विचार करून वडिलांचा पंथ सोडला व राज्यमान्य मंडळींत ती गेली. म्हणजे जिची इच्छा कोणीं मोडली नाहीं, तीच पुढें मुलांची इच्छा मोडावी म्हणते.

ह्याहून नवल पुढें आहे. सन १७०२ च्या सुमारास तिचा पति घरच्या प्रार्थनेंत विल्यम राजासाठीं विनंति करीत असे. सुझानेच्या मतें खरें राजघराणें पदच्युत झालेल्या जेम्स राजाचें. म्हणून त्या विनंतीस ती आमेन म्हणत नसे. पतीच्या हें लक्षांत आलें, त्यानें जाब विचारला, ती हटली नाहीं. तेव्हां तो रागानें घर सोडून लंडनास गेला. विल्यम राजा मरण पावला, पुढें पतिपत्नींचा समेट झाला, आणि सन १७०३ मध्यें जॉनचा जन्म झाला. पण न पटलेल्या विनंतीस आमेन तिनें म्हटलें नाहीं तें नाहींच. मोठ्या बाईचें आमेन तिच्या मनाचें असतें हें तिनें पतीस दाखविलें. लहानाचेंही तसेंच असतें, हें आपण तिच्यापासून शिकावें. आणि त्या घरच्या क्रमानें सर्वच मुलें आईबापांच्या मनासारखीं निघालीं असेंही नाहीं. मेहेताबेल नांवाची तिची एक फार बुद्धिमान मुलगी सन १७२५ मध्यें घरांतून पळून गेली, आणि बापानें तिला मनापासून जवळ केलें नाहीं. स्तोत्रें रोज गायिलीं जाणाऱ्या घरांतही क्षमा अवघड पडूं शकते.

दुसरी आठवण आपल्याच देशांतली आहे. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) ह्यांच्या वडिलांनीं, अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनीं, लोकांचा विरोध सोसून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि त्या माउलीनें, लक्ष्मीबाईनें, तें आपल्या धाकट्या मुलीस दिलें. दिवसभर घरचें काम, म्हणून पहाटेचीच वेळ उरे. झोपेंत असलेल्या मुलीस ती लाडानें उठवी, आणि रानांत पांखरें बोलूं लागलीं असतां आई तोंडानें पाठ सांगे व मुलगी म्हणे. तो पाठ आपल्या धर्माचा नव्हता. सन १८७४ च्या सुमारास दुष्काळांत ते आईबाप गेले. सन १८८३ मध्यें इंग्लंडांत रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. आणि सन १८८७ मध्यें त्यांचें हिंदु स्त्रियांविषयींचें इंग्रजी पुस्तक निघालें, तें त्यांनीं आपल्या आईच्या स्मृतीस अर्पण केलें. आईनें मुलीला पहाट दिली, कान दिला, जीभ दिली. आमेन कोणास म्हणावयाचें तें मुलीनें स्वतः शोधिलें, आणि तरीही आईचें ऋण ती विसरली नाहीं. पुढें आयुष्याच्या अखेरीस त्यांनीं संपूर्ण पवित्र शास्त्र मराठींत उतरविलें, तें पहाटे आईनें कसलेल्या बुद्धीनेंच.

शास्त्रही मला ह्याच दिशेस नेतें. अनुवादाच्या ६ व्या अध्यायांत घरीं बसतांना, वाटेनें चालतांना, निजतांना व उठतांना मुलांस शिकविण्याची आज्ञा आहे, ती आपण उपदेशांत नेहमीं सांगतों. पण त्याच अध्यायांत पुढें, २० व्या वचनापासून, असें धरून चाललें आहे कीं मुलगा एके दिवशीं विचारील, ह्या सर्वांचा अर्थ काय? आणि बापानें उत्तर द्यावयाचें तें आपण दास होतों व देवानें कसें सोडविलें ह्या हकीकतीनें. मुलाचा प्रश्न तेथें अपराध म्हणून येत नाहीं.

म्हणून मीं त्या उपदेशकांस पुढच्या भेटींत सांगितलें तें असें. बैठक तुमची आहे, ती सोडूं नका. जोंवर मुलगा तुमच्या छपराखालीं जेवतो तोंवर वेळेवर येणें, शांत बसणें, दुसऱ्यांची थट्टा न करणें, हें तुम्ही त्यास सांगूं शकतां, जसें पाणी आणावयास सांगतां. आमेन मात्र त्याचें आहे. तें मागूं नका, त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहूंही नका; पाहणें हीदेखील एक काठीच आहे. मीं स्वतः एके काळीं माझ्या मुलीस वचन पाठ म्हटल्याशिवाय चहा देत नसें. ती वचन शिकली, पण तें एका श्वासांत संपविण्याची कलाही शिकली, आणि कित्येक वर्षें तें वचन ऐकलें कीं तिला चहाच आठवे. हा माझा दोष.

बैठक पाव तासाहून मोठी करूं नका; चार वर्षांच्या मुलीस त्याहून अधिक बसवत नाहीं, आणि तिच्या चुळबुळीवर रागावण्यांतच प्रार्थनेचा वेळ जातो. तिला चटई पसरावयास द्या. अकरा वर्षांचीनें गीत निवडावें. सात वर्षांच्यानें कालची गोष्ट आपल्या शब्दांत सांगावी. चुकला तर इतरांनीं हसूं नये. ऊंसतोडीच्या दिवसांत पाव तासही मिळणार नाहीं, तेव्हां एक गीत पुरे. आणि थोरल्यास, एपवर्थच्या रीतीप्रमाणें, धाकटीला शुभवर्तमानांतील गोष्ट वाचून दाखविण्याचें काम विचारून पाहा.

ह्यावर उपदेशकांच्या पत्नीनें दोन शंका काढिल्या, आणि दोन्ही रास्त होत्या. ज्याचा विश्वास नाहीं त्यानें वाचणें हें ढोंग नव्हे काय? मीं म्हटलें, वाचणें म्हणजे साक्ष देणें नव्हे. तो बहिणीला गोष्ट सांगतो, मी मानतों असें सांगत नाहीं. तरी त्याला तें खोटें वाटलें तर त्यानें नाहीं म्हणावें, आणि तें ऐकून घ्यावें. दुसरी शंका, त्याचें मौन पाहून धाकटीं तसेंच करतील. करतीलही, ताई. कदाचित् त्यांस असेंही वाटेल कीं, ज्या अर्थीं दादा न पटतां आमेन म्हणत नाहीं, त्या अर्थीं त्या शब्दांत कांहीं वजन असलें पाहिजे. ह्याची हमी मला देतां येत नाहीं, आणि ज्या पाळकानें ती दिली असती त्यावर मीं विश्वास ठेविला नसता.

पावसाळ्याच्या अखेरीस उपदेशकांचा निरोप आला. थोरला अजून आमेन म्हणत नाहीं. वाचण्याचें काम त्यानें घेतलें आहे, मात्र कोणती गोष्ट वाचावयाची तें तो ठरवितो. मध्यें आठ दिवस धाकटी तापानें निजून होती, तेव्हां सकाळीं ओट्यावर चौघेंच बसलीं. हा पुस्तक घेऊन आंत तिच्या बाजेपाशीं गेला, आणि बाहेरचें गीत चाललें असतां त्याचा वाचण्याचा आवाज आंतून ऐकूं येत होता.