सम्राटाचा धीर आणि प्रभूचे अश्रू



आजच्या शुभवर्तमानात (योहान, अध्याय ११) आपण प्रभू येशूला लाजरसच्या कबरीपाशी पाहिले. त्या कबरीकडे वळण्यापूर्वी एका राजाची ओळख करून घेऊ. तो ख्रिस्ती नव्हता. उलट त्याच्या राज्यात आपल्या पूर्वजांचे रक्त सांडले. तरीही त्याच्यापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

मार्कस ऑरेलियसचा जन्म इ. स. १२१ मध्ये रोम येथे झाला. १६१ मध्ये तो सम्राट झाला आणि १८० मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने राज्य केले. राजा म्हटला की आपल्याला सुख आठवते. या राजाच्या वाट्याला काय आले ते पाहा. सैन्याबरोबर आलेली साथ राज्यभर पसरली. डॅन्यूब नदीच्या काठी वर्षानुवर्षे लढाया चालल्या. खजिना रिकामा झाला तेव्हा त्याने राजवाड्यातील मौल्यवान वस्तू लिलावात काढल्या, असे जुना चरित्रकार सांगतो. १७५ मध्ये त्याच्याच एका सेनापतीने बंड केले. त्याला डझनभराहून अधिक मुले झाली, पण त्यांतील निम्म्याहून अधिक लहानपणीच दगावली.

हे सर्व सोसताना तो छावणीत बसून ग्रीक भाषेत स्वतःसाठी टिपणे लिहीत असे. ती आज जगभर वाचली जातात. तो स्टोईक पंथाचा होता. पंथाची शिकवण थोडक्यात अशी: काही गोष्टी आपल्या हाती आहेत, काही नाहीत. जे हाती आहे ते नीट करावे, जे नाही त्यासाठी मन जाळू नये. ही शिकवण त्याने एपिक्टेटसच्या प्रवचनांतून घेतली आणि एपिक्टेटस हा मुळात गुलाम होता. सम्राटाने गुलामाला गुरू मानले, हे आपल्या जातीपातीच्या समाजाने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आपल्या वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्याला ही शिकवण पुस्तकाशिवाय कळते. पेरणी आपल्या हाती, पाऊस नाही. वेचणी आपल्या हाती, कापसाचा भाव नाही. सेवाग्रामच्या आश्रमात सायंप्रार्थनेला गीतेतील स्थितप्रज्ञाची लक्षणे म्हटली जात. पवनारच्या विनोबांनी १९४४ मध्ये सिवनीच्या तुरुंगात त्याच श्लोकांवर व्याख्याने दिली. सुखदुःखात मन ढळू न देणाऱ्या माणसाचा आदर आपल्या मातीत जुना आहे, आणि तो योग्यच आहे.

पण इथेच आमच्या हातून एक चूक झाली, ती आज कबूल करतो. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबातला तरणा मुलगा गेला. दफनाच्या वेळी बाप धाय मोकलून रडत होता. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेले आम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, “मन घट्ट करा, देवाची इच्छा. तुम्हीच खचलात तर घर कोण सांभाळेल?” त्याने डोळे पुसले. आम्हाला वाटले, आपण धीर दिला. तीन महिन्यांनी त्याची पत्नी मिस्सानंतर थांबली आणि म्हणाली, “फादर, तुमी सांगतलं तेव्हापासून थे रडलेच नाई. पण आता बोलत बी नाई. वाढलं त जेवते, नाई त बसून रायते.”

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. आम्ही त्या माणसाला प्रभूचे सांत्वन दिले नव्हते. स्टोईकांचा अर्धा धडा देऊन आलो होतो.

प्रभूने काय केले? लाजरस पुन्हा उठणार, हे त्याला ठाऊक होते. तरीही मरियेला रडताना पाहून तो व्याकूळ झाला आणि स्वतः रडला. ‘रडू नका, काही क्षणांत सगळे ठीक होईल’ असे त्याने त्या बहिणींना सांगितले नाही. आधी तो त्यांच्या दुःखात उतरला, मग त्याने कबरीवरची धोंड बाजूला करायला सांगितली. देवाचा पुत्र रडला असेल, तर रडणे हा दुबळेपणा नाही आणि विश्वासाचा अभावही नाही.

खुद्द मार्कसही एकदा रडला होता. त्याला वाढवणारा शिक्षक वारला तेव्हा दरबारी लोक त्याला आवरू लागले. त्याचा दत्तक पिता, सम्राट अँटोनायनस, म्हणाला की त्याला माणूस राहू द्या; तत्त्वज्ञान किंवा सत्ता माया पुसून टाकत नाही. सेवाग्रामलाही हेच दिसते. जिथे स्थितप्रज्ञाचे श्लोक म्हटले जात, तिथेच गांधीजी कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींच्या अंगाला स्वतःच्या हातांनी मालिश करीत. खरी स्थिरता माणसाला कोरडे करीत नाही.

नुसती स्थिरता आंधळीही होऊ शकते. इ. स. १६५च्या सुमारास रोममध्ये संत जस्टिन याला मृत्युदंड झाला. जस्टिन स्वतः तत्त्वज्ञ होता. तरुणपणी तो एका स्टोईक गुरूकडे राहिला, पण तिथे देवाविषयी काही कळेना म्हणून निघून गेला. त्याला शिक्षा सुनावणारा अधिकारी रुस्टिकस हा मार्कसचा लाडका गुरू. एपिक्टेटसची प्रवचने मार्कसच्या हाती त्यानेच दिली होती. १७७ मध्ये लियॉन येथे नव्वदी ओलांडलेले बिशप पोथिनस तुरुंगात मरण पावले आणि ब्लांडिना नावाच्या गुलाम मुलीने अनन्वित छळ सोसून प्राण दिला. सम्राटाच्या शहाणपणात तिला जागा नव्हती. प्रभूच्या राज्यात ती संत आहे.

आणखी एक गोष्ट. दुःख असह्य झाले तर धुराने भरलेल्या खोलीतून माणसाने बाहेर पडावे तसे जीवनातून निघून जाता येते, असे स्टोईक मानत. आपल्या जिल्ह्याने कर्जापायी आपली माणसे गमावली आहेत. म्हणून इथे स्पष्ट बोलले पाहिजे. जीवन देवाचे दान आहे, ते टाकण्याचा हक्क आपल्याला नाही. पण जो खचून तसा गेला, त्याच्या तारणाची आशा सोडू नका, असे ख्रिस्तसभेची १९९२ची धर्मशिकवण सांगते. त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करा. त्याच्या विधवेकडे बोट दाखवू नका. आणि ज्याच्या खोलीत आज धूर दाटला आहे त्याने एकटे बसू नये. धर्मगुरूंच्या घराचे दार रात्रीही ठोठवा.

त्या बापाकडे आम्ही पुन्हा गेलो. माफी मागितली आणि त्याच्याशेजारी बसून राहिलो. बऱ्याच वेळाने त्याने मुलाचे नाव घेतले आणि तो रडला. आम्हीही रडलो. निघताना त्याने विचारले, “फादर, पुढच्या रविवारी त्याच्या नावाने मिस्सा होईन का?”

या आठवड्यात एवढेच करू या. आपल्या हाती असलेले काम सम्राटासारखे चोख करू या. आणि ज्याच्या घरी दुःख आहे तिथे जाऊन, उपदेश न करता, थोडा वेळ बसू या. लाजरसच्या कबरीपाशी रडलेला प्रभू तिथे आपल्या आधी पोहोचलेला असेल.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.

तुमचे धर्मगुरू