रागाने टाकलेली चाकरी

रागाने चाकरी टाकून घरी आलेला मनुष्य पहिले दोन दिवस मोठ्या तोऱ्यात असतो. ‘तोंडावर कागद फेकून आलो’ हे वाक्य तो आल्यागेल्यास ऐकवितो, आणि ऐकणारेही ‘बरे केलेस’ म्हणून माना डोलावितात. तिसऱ्या दिवशी ऐकणारे आपापल्या कामास लागतात. मग किराण्याची उधारी, मुलाची फी, घराचा हप्ता ही मंडळी दाराशी येऊन उभी राहतात. त्यांस त्या वाक्याचे काडीचेही कौतुक नसते.

आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या आसपास चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा अशा औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, तेव्हापासून कीर्तनात शेतकऱ्याच्या मांडीला मांडी लावून पाळीवरून सुटलेला कामगारही बसू लागला. मध्यंतरी एका सप्ताहात कीर्तन आटोपल्यावर असाच एक तरुण पाया पडावयास आला. बरोबर कारभारीण होती. कारखान्यात माल खराब निघाला. तो आधीच्या पाळीचा होता, पण वरिष्ठाने चारचौघांत याच्या आईबापांवरून शब्द काढला. हा तडक बाहेर आला आणि फाटकापाशी उभ्या उभ्या मोबाईलवरून त्याने राजीनामा धाडला. पूर्वी राजीनामा लिहावयाचा तर कागद शोधावा लागे, शाई लागे, अक्षर नीट यावे म्हणून दोनदा खोडावे लागे. तेवढ्यात निम्मा राग उतरे. आता एक अंगठा पुरतो. तासाभरात मंजुरी आली. दुसऱ्या दिवशी माल कोणाचा तेही उघडकीस आले, पण तोवर याची हजेरी बंद झाली होती.

त्याचा प्रश्न मात्र साधा नव्हता. तो म्हणाला, “महाराज, तुम्हीच आज त्यागाची थोरवी सांगितली. मी चालता पगार लाथाडला. हा त्याग नव्हे का?” मागून त्याची बायको हळूच म्हणाली, “ते खोटं नाही बोलले महाराज. पण मला एकदा विचारायचं होतं.”

गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी त्यागाचे तीन प्रकार केले आहेत हे वारकऱ्यास सांगावयास नको. काम कष्टाचे म्हणून भिऊन टाकले तर तो राजस. मोहाने टाकले तर तामस. आणि काम हातात ठेवून त्यातील आसक्ती व फळाची हाव तेवढी टाकली तर तो सात्त्विक. आता प्रश्न असा की या तिघांत रागाचे नाव कोठे आहे? तेथे ते नाही. परंतु मागे दुसऱ्या अध्यायात क्रोधाचा जिना दाखविलेला आहे. क्रोधाच्या लगेच खालची पायरी मोहाची, तिच्याखाली आठवण ढळण्याची, तिच्याखाली बुद्धी बुडण्याची. हे दोन अध्याय शेजारी शेजारी ठेवून वाचावे, म्हणजे रागाने टाकलेली चाकरी कोणत्या खात्यात जमा होते ते कळते.

त्या आठवण ढळण्यासच स्मृतिविभ्रम म्हटले आहे. पाठशाळेतले नवे विद्यार्थी त्याचा अर्थ पाठ विसरणे असाच करीत. संसाराच्या जिन्नसांत त्याचा अर्थ फार स्पष्ट आहे. फाटकापाशी उभ्या असलेल्या माणसाला वरिष्ठाचा प्रत्येक शब्द आठवत असतो. विसरतो ते दुसरेच. आपण आजारी होतो तेव्हा आपली पाळी ज्याने भरून काढली तो सोबती विसरतो. घरी औषधावर असलेली आई विसरते. ज्याने शिवी दिली तोच एकटा साऱ्या जगाएवढा होऊन बसतो आणि बाकी सगळे त्याच्या आड लपतात. अशा वेळी जो निर्णय होतो तो आपण घेतलेला नसतो. शिवी देणाऱ्याने तो आपल्याकडून घेवविलेला असतो. आम्हांस यातील दुःख हेच वाटते. ज्याच्या ताब्यात क्षणभर राहणे नको म्हणून मनुष्य उठला, उठताना तो त्याच्याच पुरता ताब्यात गेला.

महाभारतात याचा धडधडीत दाखला आहे. उद्योगपर्वात भीष्माचार्य आपल्या सैन्यातील रथी-अतिरथी मोजीत असता कर्णाला अर्धरथी म्हणाले, तेही भर सभेत. द्रोणाचार्यांनी री ओढली. कर्ण खवळला, आणि भीष्म जिवंत असेपर्यंत आपण शस्त्र धरणार नाही असे बोलून मोकळा झाला. युद्ध अठरा दिवसांचे. त्यांतले दहा दिवस कौरवांचा एवढा मोठा योद्धा तंबूत बसून राहिला. या दहा दिवसांत भीष्मांचे काय गेले? काही नाही, ते सेनापती होतेच. गेले ते दुर्योधनाचे. ज्याने भरसभेत कर्णाला अंगदेशाचे राज्य देऊन माणसांत आणले, ज्याचे अन्न खाल्ले, ज्याच्यावर कर्णाचा तिळमात्र राग नव्हता, त्याचे. राग एकावर आणि दंड दुसऱ्याला, हा रागाच्या राजीनाम्याचा ठरलेला हिशेब आहे. त्या तरुणाचा राग वरिष्ठावर होता. दंड जिने भरला ती मागे उभी होती.

येथे कोणी विचारील, मग काय निमूट सोसावे? हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही, आणि आमच्या कीर्तनकार मंडळींकडून तो टाळला जातो असे आमचे स्पष्ट मत आहे. सोसण्याचा विषय निघाला की आम्ही पैठणच्या नाथबाबांची कथा लावतो. गोदावरीचे स्नान करून येताना एक जण अंगावर थुंके, नाथ पुन्हा स्नानास जात, असे एकशे आठ वेळा झाले, आणि शेवटी तोच शरण आला. कथा गोड आहे, श्रोत्यांच्या डोळ्यांस पाणी येते. पण ती लावताना एक ध्यानात धरावे. थुंकणाऱ्याच्या हाती नाथांची भाकरी नव्हती. नाथांनी सोसले ते स्वतःच्या सामर्थ्याने, नोकरी जाईल या धास्तीने नव्हे. भीतीने गप्प बसलेल्या माणसाला शांतिब्रह्म म्हणणे म्हणजे त्याची थट्टा आहे. आणि पुढच्या सतरंजीवर अन्नदान केलेले मालक बसले असता मागच्या कामगारांना उद्देशून हीच कथा लावावी, हे तर आमच्या मते परमार्थाला धरून नाही. लावायचीच तर पुढच्या सतरंजीकडे तोंड करून लावावी. थुंकणाऱ्यालाही त्या कथेत शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

नाथांची दुसरी कथा मात्र या विषयाला अधिक जवळची. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी हे येथून जवळच्या देवगिरी किल्ल्याचे किल्लेदार. परक्या सत्तेची चाकरी, हाताखाली शिपाईगडी, वर दरबार. मानापमानाचे प्रसंग का थोडे आले असतील? तरी अनुग्रह झाल्यावर स्वामींनी किल्ला सोडला नाही, आणि शिष्य आला त्याच्याही हाती प्रथम जपमाळ न देता हिशेबाची वही दिली. एका पैच्या चुकीसाठी नाथ रात्रभर जागले ही कथा सर्वश्रुत आहे. चाकरी ही परमार्थाच्या आड येणारी वस्तू आहे असे त्या गुरुशिष्यांस वाटले नाही. सावतोबांना मळा, गोरोबांना चाक सोडावेसे वाटले नाही, तसेच ते. म्हणून चाकरी टाकणे हेच काही वैराग्य नव्हे.

पण चाकरी कधी सोडूच नये असेही नाही. सोडण्याचे प्रसंग येतात आणि त्या वेळी न सोडणे हेच पाप होते. आमच्याच शहराचे उदाहरण घ्या. सप्टेंबर १९५१ मध्ये येथे नागसेनवनात मिलिंद महाविद्यालयाच्या इमारतीची कोनशिला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. त्या महाविद्यालयाचे संस्थापक डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा देशाचे कायदेमंत्री होते. त्याच महिन्याच्या २७ तारखेस त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कायद्याचे विधेयक रखडले हे एक कारण. दलितांची उपेक्षा, परराष्ट्र धोरण, अशी आणखीही होती. राग नव्हता असे कोण म्हणेल? भरपूर होता. परंतु जाण्याचा विचार मनात बरेच दिवस घोळत होता, कारणे एकेक करून मांडलेली होती, आणि हाती असलेले सभागृहातील काम उरकेपर्यंत थांबण्याची तयारी राजीनाम्यातच होती. पुढे ११ ऑक्टोबरला निवेदन करण्यावरून अडवणूक झाली तेव्हा ते सभागृह सोडून बाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांस दिले. येथे राग मालक नव्हता, चाकर होता. धनी सांगेल तेव्हा यावे, सांगेल तेवढे बोलावे, असा. पाचव्या अध्यायात भगवंतांनी काम-क्रोधाचा वेग देह पडण्याआधी जो सहन करू शकतो त्याला सुखी म्हटले आहे. ज्याला राग येतच नाही असा मनुष्य तेथे मागितलेला नाही. वेग तेवढा सोसावयाचा.

हा वेग सोसावा कसा, याची एक रीत आपल्या वारीत रोज संध्याकाळी डोळ्यांसमोर असते. माउलींच्या पालखीबरोबर तळावर समाजआरती होते. हैबतबाबा आरफळकरांनी सोहळ्याला जी शिस्त घालून दिली तिच्यातला हा भाग. साऱ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा गजर चाललेला असतो. चोपदार दंड उंचावतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती थांबत नाही. तिचे टाळ वाजतच राहतात. मग चोपदार तिच्यापाशी जातात, गाऱ्हाणे ऐकतात, त्याचा निवाडा होतो, आणि तेव्हा ते टाळ थांबतात. एवढ्या मोठ्या समाजाने तेवढा वेळ त्या एका दिंडीसाठी गप्प उभे राहावयाचे!

आम्ही हा प्रकार किती वर्षे पाहत आलो, पण त्याचे नवल ओसरत नाही. तक्रार असलेली दिंडी मुकाट आपल्या राहुटीकडे जात नाही, की पताका गुंडाळून गावाकडेही निघत नाही. ती आपल्या जागी उभी राहून आपलेच काम करीत राहते, आणि तेच काम तिचे गाऱ्हाणे होते. (पंगतीत भाजी उशिरा आली म्हणून रुसून दुसऱ्या दिंडीत चालणारे वीर आमच्याकडेही निघतात, त्यांची गोष्ट वेगळी.) त्या तरुणाला आम्ही हेच विचारले, “टाळ वाजवलास का?” वरच्या साहेबाकडे गेला होतास का? युनियन आहे, तिला सांगितलेस का? माल कोणाचा ते लिहून मागितलेस का? त्याने मान हलविली. चोपदार यायच्या आधीच दिंडी निघून गेली होती. अर्थात कारखान्यात चोपदार असतोच असे नाही हेही खरे. टाळ वाजवून हात दुखले आणि कोणी फिरकलेच नाही, तर मग जावे; तेव्हा जाणाऱ्याला कोणी तामस म्हणू नये.

ताटीचे अभंग आपल्या नित्यपाठातले. लोकांच्या वागण्याने विटून ज्ञानोबारायांनी झोपडीचे दार लावून घेतले, आणि धाकटी मुक्ताई बाहेर उभी राहून विनवू लागली. अवघ्या जगावर कृपा करावयाची ती माउली दाराआड, आणि जग बाहेर. हा एका अर्थी राजीनामाच होता. पण त्या ताटीत आणि आमच्या तरुणाच्या राजीनाम्यात एक मोठा भेद आहे. ताटी आतून लावलेली होती. ज्याने लावली त्याच्याच हाती ती उघडणे होते. राजीनाम्याची कडी बाहेरून लागते. मंजूर होण्यापूर्वी तो बहुधा मागे घेता येतो. एकदा मंजूर होऊन अंमलात आला की दार उघडणे न उघडणे समोरच्याच्या मर्जीवर. सरकारी नोकरीत तर राजीनाम्याबरोबर मागली सेवाही बुडते, पंधरा वर्षांची असो की वीस. तेव्हा मुक्ताईला जे काही सांगावयाचे ते अंगठा टेकण्यापूर्वीच तिला सांगू दिले पाहिजे. आणि तो तरुण जिला विचारावयास विसरला तीच त्याच्या घरची मुक्ताई होती.

मुक्ताईचे काम टेबलाच्या पलीकडे बसलेल्यालाही करता येते. रागाचा अर्ज हातात पडताच ‘पीडा गेली’ म्हणून तासाभरात मंजूर करणारे पुष्कळ आहेत. कायद्याने ते चुकत नसतील. आमच्या परिचयाचे एक जुने हेडक्लार्क होते, माळकरी, आता ते नाहीत. कोणी तणतणत येऊन राजीनामा टेबलावर आपटला की ते चष्मा काढून तो नीट वाचीत, ‘मिळाला’ म्हणत आणि खणात ठेवीत. तिसऱ्या दिवशी त्या माणसाला चहाला बोलावून खण उघडीत आणि विचारीत, “पाठवू, की फाडू?” बहुतेक जण खाली बघून फाडा म्हणत. काही थोडे मात्र शांतपणे चहा संपवून म्हणत, “पाठवा.” तो कागद ते त्याच टपालाने वर पाठवीत, आणि त्या माणसाला दारापर्यंत पोहोचवावयास स्वतः उठत.