उतारशाळेतले दिवस



चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. याजक आणि लेवी बाजूने निघून गेले, शोमरोनी थांबला, त्याने जखमा बांधल्या, हे मुलांनाही पाठ आहे. पण पुढे काय झाले इकडे आपले फारसे लक्ष जात नाही. शोमरोन्याने त्या माणसाला पट्टी बांधून रस्त्यावर सोडले नाही. तो त्याला उतारशाळेत घेऊन गेला, रात्रभर त्याची काळजी घेतली, दुसऱ्या दिवशी उतारशाळा सांभाळणाऱ्याला दोन नाणी दिली आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन, असे सांगितले. बरे व्हायला दिवस लागतात, जागा लागते आणि सांभाळणारा माणूस लागतो, हे त्याला ठाऊक होते.

दारूच्या बाबतीत आपण हेच विसरतो. घरातला माणूस व्यसनमुक्ती केंद्रात जातो, महिनाभराने परत येतो. अंगाने भरलेला असतो, डोळे स्वच्छ असतात. आई उपकारस्तुतीची मिस्सा सांगते. पण संध्याकाळ झाली की तोच चौक, तेच मित्र, तीच उधारी आणि घरात तेच भांडण. दोन महिन्यांत तो पुन्हा पितो. मग लोक म्हणतात, "आम्ही आधीच म्हणालो होतो, हा सुधारायचा नाही." खरे तर त्याच्या जखमा बांधल्या गेल्या होत्या. त्याला उतारशाळा मिळाली नव्हती.

संत लूकच्या पुढच्याच अध्यायात प्रभू येशू अशुद्ध आत्म्याविषयी बोलतात. तो माणसातून निघून जातो, भटकतो आणि परत येतो. घर झाडून-पुसून ठेवलेले त्याला दिसते, मग तो आपल्याहून वाईट असे आणखी सात जण घेऊन तिथे शिरतो. उपचाराने घर झाडले जाते. पण झाडलेले घर रिकामे राहिले तर धोका टळत नाही. ते कशाने तरी भरावे लागते.

हे भरण्याचे काम करणारी घरे जगात आहेत. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात १९७५ साली सरकारी मदतीवर चालणारे असे एक घर बंद पडत होते. तिथे राहणाऱ्या व्यसनमुक्त माणसांनी ते स्वतःच भाड्याने चालवायला घेतले आणि त्याला 'ऑक्सफर्ड हाउस' असे नाव दिले. नियम साधे. प्रत्येकाने काम करून आपल्या वाट्याचे भाडे द्यायचे. घराचे निर्णय सर्वांनी मत देऊन घ्यायचे. जो पुन्हा नशा करील त्याने घर सोडायचे. पहारेकरी नाही, वॉर्डन नाही. स्वयंपाक, भांडी, झाडलोट, हिशेब, सगळे आळीपाळीने. आज अशी हजारो घरे आहेत.

शिकागोच्या दीपॉल या कॅथोलिक विद्यापीठातील लेनर्ड जेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या घरांचा अभ्यास करून २००६ साली तो प्रसिद्ध केला. उपचार संपलेल्या १५० जणांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला या घरांत पाठवले, दुसऱ्याला नेहमीच्या पद्धतीने घरी राहून सल्ला घ्यायला सांगितले. दोन वर्षांनी दुसऱ्या गटातले सुमारे ६५ टक्के लोक नशा करत होते. घरात राहायला गेलेल्यांतले ३१ टक्के. त्यांतलेही काही घसरलेच. पण फरक निम्म्याहून अधिक आहे.

आपल्या महाराष्ट्रातही वाट दाखवणारे झाले. फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये 'कृपा' सुरू केली. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्या आणि गुरुजी अय्यंगारांचा योग यांची त्यांनी सांगड घातली. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' उभे केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचा हात त्यामागे होता. तिथे बरे झालेलेच पुढे समुपदेशक होतात, आणि पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा वेगळा गट चालतो. व्यसन एकाचे असले तरी दुखणे साऱ्या घराचे असते, हे त्यांनी ओळखले.

सेमिनरीत आम्ही अ‍ॅरिस्टॉटल शिकलो. तो सांगतो की सद्गुण व्याख्यान ऐकून येत नाही. चांगली कृती रोज करत गेल्याने माणूस चांगला होतो. संत थॉमस अक्वायनस यांनी त्यात भर घातली की देवाची कृपा निसर्गाला बाजूला सारत नाही, त्याला पूर्णत्वाला नेते. सकाळी वेळेवर उठणे, चार जणांबरोबर जेवणे, खरे बोलणे, या निसर्गाच्या साध्या गोष्टी आहेत. कृपा त्यांच्यावर उभी राहते.

आपल्या वेरूळमध्ये हे समजायला लांब जायला नको. पाच नंबरच्या लेण्यात जाऊन बघा. मधोमध दगडात कोरलेले दोन लांब, बुटके बाक आहेत आणि भोवती भिक्षूंच्या खोल्या. मादक पदार्थ वर्ज्य हा ज्यांच्या पंचशीलातला एक नियम, त्यांनी तो एकट्याने पाळायचा ठरवला नाही. राहायला खोल्या कोरल्या आणि एकत्र बसायला बाकही कोरले.

आपल्याकडे असे घर बांधायला आज पैसे नाहीत. पण उतारशाळा होता येते. लग्न, बारसे, सणाच्या जेवणात दारू ठेवू नका. निदान परत आलेला माणूस ज्या पंगतीत बसणार आहे तिथे तरी नको. त्याला 'बेवडा' म्हणू नका, मुलांनाही म्हणू देऊ नका. ज्याच्याकडे शेत, दुकान किंवा हॉटेल आहे, त्याने त्याला काम द्यावे. त्याच्या पत्नीला "तू लक्ष ठेव" म्हणून पोलीस बनवू नका, तिच्याशी बोलायला एखादी बहीण रोज जावी. चर्चची खोली बैठकीसाठी मी उघडी ठेवीन. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा: रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर फिट येऊन जिवावर बेतू शकते. म्हणून आधी डॉक्टर, मग शपथ.

तो पुन्हा घसरला तर? शोमरोन्याने उतारशाळेच्या खर्चाला मर्यादा घातली नव्हती. तो परत येणार होता.

हे प्रभू, जखमी माणसाला तू आमच्या दारी आणतोस. त्याला ठेवून घेण्याएवढी जागा आमच्या घरात आणि मनात कर. आमेन.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू