भय आणि प्रत्यय

सत्कार्यासाठीं थोडी अतिशयोक्ति क्षम्य मानावी काय, हा प्रश्न जुना आहे; हवामानबदलाच्या चळवळींनीं तो आज नव्यानें उभा केला आहे. ऑक्टोबर २०१८ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक तज्ज्ञमंडळानें एक अहवाल प्रसिद्ध केला. पृथ्वीची तापमानवाढ १.५ अंशांवर रोखावयाची, तर मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडचें निव्वळ उत्सर्जन २०१० च्या मानानें २०३० पर्यंत सुमारें ४५ टक्क्यांनीं घटलें पाहिजे, हें त्यांतील एक प्रमुख प्रतिपादन. चळवळीच्या मुखीं त्याचें रूप झालें, 'आतां बाराच वर्षें उरलीं!' २०३० नंतर सारें संपेल, असें अहवालानें म्हटलें नव्हतें.

कोणी म्हणेल, घर पेटलें असतां तपशिलाचा काथ्याकूट कशाला? परंतु भयानें माणूस धांवतो, तरी त्याची समजूत पटलेली नसते. आणि भाकिताची मुदत टळली कीं भयाबरोबर सत्यावरचा विश्वासहि जातो. शिवाय, श्रोत्यास भिववून वळविणें म्हणजे त्याच्या बुद्धीस बाजूस सारणें. ज्याच्या हितासाठीं चळवळ, त्याचाच हा अनादर होय.

मन वळविण्याची दुसरी एक रीत आमच्या यवतमाळ जिल्ह्यास परिचित आहे. जुलै १९३० मध्यें लोकनायक अणे यांनीं पुसद येथें जंगल सत्याग्रह केला. राखीव जंगलांतील गवत कापावयाचें आणि त्याबद्दलची शिक्षा भोगावयाची, एवढाच कार्यक्रम. त्याचा हेतु वनरक्षणाचा नव्हता, हें खरें; कायदेभंग करून परक्या सत्तेचा जाच उघड करावयाचा होता. परंतु त्या युक्तिवादाची पद्धति पाहण्याजोगी आहे. गवताची पेंढी हें प्रत्येक शेतकऱ्याच्या प्रत्ययांतलें प्रमाण होतें. आणि बोलणाऱ्यानें तुरुंगवास पत्करून आपल्या शब्दाची किंमत स्वतः मोजली होती.

आजहि आमच्या कोरडवाहू कापूस पिकविणाऱ्यास २१०० सालचें भय घालावयास नको. पेरणीनंतरची पावसाची ओढ आणि वेचणीच्या वेळचा अवकाळी पाऊस तो जाणतो. मात्र त्याच्या प्रत्येक दुःखाचें खापर हवामानावर फोडूं नये. कर्ज, कापसाचा भाव, सिंचनाची उणीव, हीं कारणेंहि त्यास ठाऊक आहेत. जो वक्ता तीं मान्य करील, त्याचें पुढचें म्हणणें तो ऐकून घेईल.

हा मार्ग मंद आहे आणि वेळ थोडा आहे, ही अडचण खरी. परंतु हें कार्य पिढ्यान्‌पिढ्या चालावयाचें आहे. तें ज्या विश्वासावर चालावयाचें, तो पहिल्याच हंगामांत खर्चून टाकणें कोणत्याहि चळवळीस परवडणारें नाहीं.